वस्तरा, दगड आणि निकष



मागच्या व्याख्यानात आपण 'निकष' या शब्दापाशी थांबलो होतो. निकष म्हणजे मुळात दगड. सोनाराकडे तो काळा गुळगुळीत दगड असतो ना, ज्यावर सोनं घासून उमटलेली रेघ पाहतात, तो निकष. 'कस' आणि 'कसोटी' हे शब्दही त्याच घराण्यातले. त्याला जोडून आज आणखी एक शब्द घेऊ. संस्कृतात 'शाण' म्हणजे धार लावण्याचा दगड, आणि कसोटीचा दगडही. आपल्या देवघरातली चंदन उगाळायची सहाण ही त्या शाणाचीच लेक. पारखायचा दगड, पाजळायचा दगड आणि उगाळायचा दगड, तिघेही भाषेनं एका कुळात ठेवले आहेत. हे आम्ही बोललो, टाळ्या झाल्या, आणि व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं आमच्या हाती एक चिठ्ठी दिली.

चिठ्ठीचा आशय असा. त्याचे आजोबा गावचे म्हाली होते. आपल्याकडे वऱ्हाडात न्हाव्याला म्हाली म्हणतात, हे इथल्यांना सांगायला नको; बाहेरगावच्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. आजोबा बलुत्यावर काम करत, सुगीला खळ्यावर धान्य मिळे. आजोबा गेले, वडील नोकरीला लागले, आणि आता घर झाडताना माळ्यावर आजोबांची धोकटी सापडली. तिच्यात एक वस्तरा आहे आणि एक दगड आहे. दगड मधोमध खोल गेला आहे. नातवाला त्याच वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करायची आहे. तो विचारतो, हाच दगड वापरू की नवा घेऊ? नवा घ्यायचा तर कोणता? आणि शेवटी एक ओळ होती: 'दगड घासून सपाट केला तर आजोबांच्या हाताची खूण जाईल का?'

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. कोणी म्हणेल, सर, तुमचा आणि वस्तऱ्याचा काय संबंध? पण ही चिठ्ठी वाचून आम्हाला वाटलं की हा निवडीचाच प्रश्न आहे, आणि निवड आली की निकष आला. शिवाय स्वतःचा वस्तरा स्वतः पाजळण्याच्या नादात आम्हीही काही वर्षं घालवली आहेत, चुकाही केल्या आहेत. तेव्हा आजचं व्याख्यान त्या एका चिठ्ठीचं उत्तर समजा.

आधी धार म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. धार ही काही वस्तू नाही. पात्याच्या दोन बाजूंचे दोन उतार जिथे एकमेकांना भेटतात, ती रेषा म्हणजे धार. दोन्ही उतार पुरते भेटले तर धार आहे, भेटलेच नाहीत तर नाही. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतं. आपल्याला इतकं बारीक काम हातानं, एका दगडावर करायचं आहे.

हे हातानं कसं जमतं? इथे वस्तऱ्याच्या घडणीचं कौतुक करायला हवं. चाकू दगडावर धरताना कोन आपल्याला सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचं तसं नाही. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात. कोन पाठीच्या जाडीनंच ठरलेला असतो. समजा पातं २० मिलिमीटर रुंद आहे आणि पाठ साडेपाच मिलिमीटर जाड आहे, तर धारेचा कोन साधारण १६ अंशांचा येतो. तुम्ही फक्त पाठ उचलायची नाही. म्हणूनच या कामात दगडाचा सपाटपणा फार महत्त्वाचा ठरतो, कारण कोन राखणारे दोघेच, वस्तऱ्याची पाठ आणि दगडाचं तोंड. त्यातलं एक वाकडं झालं की हिशेब चुकला.

आता दगड. आपण बसलो आहोत ते चिखलदरा. कीचकाला भीमानं इथल्या दरीत लोटलं, भीमकुंडात हात धुतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. या गाविलगडच्या डोंगरांचा जवळजवळ सगळा दगड म्हणजे काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पाटा, वरवंटा, जातं, सगळं याच दगडाचं. मग वस्तऱ्याला हा दगड का चालत नाही?

धार लावणाऱ्या दगडात तीन गोष्टी पाहायच्या. कण किती कठीण, कण किती बारीक, आणि ते कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत. फ्रेडरिक मोस या खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड मांडली. तिच्यावर बसाल्टमधली मुख्य खनिजं सहाच्या आसपास बसतात. चांगलं कडक केलेलं पोलाद साडेसहाच्या आसपास. म्हणजे दगडाचा कणच पोलादापेक्षा मऊ. घासत बसाल, पण कापलं काहीच जाणार नाही. त्यात पुष्कळ ठिकाणी बसाल्टला बारीक भोकं असतात. नाजूक धार त्यात अडकली तर तिचा टवका उडतो.

याच बसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक सापडतात. गारगोटी सातची, म्हणजे पोलादापेक्षा कठीण. अकीकातले कण तर अतिशय बारीक. मग अकीकाचा सपाट तुकडा घेतला तर? इथे तिसरी गोष्ट आड येते. अकीकाचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की जुने कण सुटत नाहीत आणि नवे वर येत नाहीत. असा दगड कापतो कमी, घोटतो जास्त. आपल्या जुन्या पोथ्यांचा कागद घोटून गुळगुळीत करत, तसं तो पोलाद घोटतो. शेवटचा हात फिरवायला हे ठीक. बोथट वस्तऱ्याला नाही.

आता डोंगर उतरून मोर्शी तालुक्यात साळबर्डीकडे जा. तिथे लाव्ह्याच्या थराखालचे जुने खडक उघडे पडले आहेत, त्यात वालुकाश्म आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूच घट्ट होऊन झालेला दगड. कण गारगोटीचे, म्हणजे कठीण, आणि घासले की सुटतात, नवे वर येतात. विळ्याला, कुऱ्हाडीला अशा दगडाची धार झकास लागते. पण भूशास्त्रात वाळूचा कण म्हणजे कमीत कमी सुमारे ६३ मायक्रॉनचा. एका मायक्रॉनच्या धारेवर ६३ मायक्रॉनचा कण फिरवायचा, म्हणजे रांगोळीची रेघ वखरानं ओढण्यासारखं झालं.

यातून एक लक्षात येतं. वस्तऱ्याला असा दगड हवा की ज्याचा कण पोलादापेक्षा कठीण, चिखलाच्या कणाइतका बारीक, आणि थोडा थोडा सुटणारा. भूशास्त्रात चिखलाचा, म्हणजे चिकणमातीचा कण चार मायक्रॉनपेक्षा लहान धरतात. अशा बारीक गाळातून झालेले दगड जगात मोजक्या ठिकाणी मिळाले, आणि तिथे वस्तऱ्याच्या दगडांचे धंदे उभे राहिले. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरातली पाटी, जपानात क्योतो शहराभोवतालच्या खाणी, आणि बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळसर 'कोतिक्यूल'. या कोतिक्यूलमध्ये गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात. गार्नेट म्हणजे दागिन्यातला गोमेदासारखा लालसर खडा, त्याचाच एक भाऊबंद. पाण्याबरोबर घासलं की हे कण सुटून दुधासारखा राप तयार होतो, तो धार कापतो. पाणी वाढवत राप पातळ करत गेलं की तोच दगड हळूहळू हलका कापू लागतो.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात एक दगड निघतो, जवळजवळ शुद्ध सिलिकाचा. त्याचं शास्त्रीय नाव 'नोव्हॅक्युलाइट'. लॅटिनमध्ये 'नोव्हाकुला' म्हणजे वस्तरा. खडकाला नावच वस्तऱ्यावरून पडलं. आणि कोतिक्यूलच्या नावामागे लॅटिनमधला 'कोतिकुला' हा शब्द आहे, त्याचा अर्थ धारेचा छोटा दगड, आणि कसोटीचा दगडही. आपल्या 'शाण'सारखाच! दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट सुचली की ज्यानं घासायचं त्यानंच पारखायचं. शब्दांचे असे योगायोग दिसले की आमच्यासारख्या माणसाचा दिवस बरा जातो.

पण मंडळी, आज तुम्हाला क्योतोला किंवा आर्देनला जायची गरज नाही. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसननं भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केलं, आणि तेव्हापासून कृत्रिम कणांचं युग सुरू झालं. दुसरा कृत्रिम कण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे आपला कुरुंदच, फक्त भट्टीतला. कुरुंद मोसच्या उतरंडीवर नऊचा, हिऱ्याच्या खालोखाल. कुरुंदाचे साठे आपल्या विदर्भातही आहेत, भंडारा जिल्ह्यात. नॉर्टन या अमेरिकी कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाचं नाव 'इंडिया'. नाव इंडिया, पण दगड अमेरिकेचा. असो. कृत्रिम दगडाचा मोठा गुण हा की सगळे कण जवळपास एका मापाचे. नैसर्गिक दगडात दोन दगड सारखे नसतात, एखादा मोठा कण लपलेला असू शकतो. नव्यानं शिकणाऱ्यानं म्हणूनच कृत्रिम दगडापासून सुरुवात करावी, असं आमचं स्वच्छ मत आहे.

आता दगडावरचे आकडे. १०००, ४०००, ८०००. आकडा मोठा तितका कण बारीक, इतकं बहुतेकांना माहीत असतं. पण आकडा कोणत्या पद्धतीचा, हे कुणी विचारत नाही. जपानी पद्धतीचा १००० म्हणजे साधारण साडेअकरा मायक्रॉनचा कण. युरोपातल्या दगडांच्या पद्धतीत 'एफ १०००' म्हणजे साडेचार मायक्रॉन. आणि वॉटर पेपरवर 'पी १०००' लिहिलेलं असतं, तो कण १८ मायक्रॉनचा. तिन्ही ठिकाणी आकडा एकच, माप तीन. तेव्हा दुकानदाराला आकडा विचाराल तेव्हा मायक्रॉनही विचारा. जपानी ४००० म्हणजे सुमारे तीन मायक्रॉन, आणि ८००० म्हणजे सव्वाच्या आसपास.

इथे आमची चूक सांगतो. आम्हाला वाटलं, बारीक तो चांगला, आणि सर्वांत बारीक तो सर्वांत चांगला. निवृत्तीनंतर थोडे पैसे हाती आले, तेव्हा आम्ही १२,००० आकड्याचा महागडा दगड मागवला आणि एक जुना वस्तरा त्यावर घासत बसलो. महिना, दोन महिने. पातं आरशासारखं चमकू लागलं, पण दाढी करायला घेतलं की केस ओढून निघत, डोळ्यांत पाणी येई. दगड खोटा आहे, असं आम्ही ठरवून टाकलं. एकदा परतवाड्याला एका वृद्ध कारागिरांच्या दुकानात बसलो असता वस्तरा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्याच्या पेरानं धारेच्या आडवा अगदी अलगद चाचपला, आणि हसून म्हणाले, "सर, आंधी वस्तऱ्याले इचारा, मंग दगडाले."

आमच्या वस्तऱ्याचे दोन्ही उतार धारेपर्यंत भेटलेच नव्हते. मधे अजून बोथट पट्टी होती. बारीक दगडानं आम्ही उतारांना झिलई देत होतो आणि धार जिथल्या तिथेच होती. दगड उत्तमच होता, पण पुढल्या टप्प्याचा. आमचा निकष दगडाकडे पाहत होता, तो वस्तऱ्याकडे पाहायला हवा होता.

म्हणून आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. चांगला दगड कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. या धारेचं अजून कोणतं काम बाकी आहे, हा खरा प्रश्न. दगड त्या कामाला निवडायचा.

वस्तऱ्याच्या तीन अवस्था धरा. पहिली: धार आहे, पण गेल्या काही दिवसांत थोडी रुसली आहे. याला दगडच नको. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला की काम होतं. दुसरी: चामड्यानंही भागत नाही, केस किंचित ओढला जातो. इथे ८००० किंवा त्याहून बारीक दगडावर हलक्या हातानं दहा-पंधरा फेऱ्या पुरतात. रोज एकानंच वापरलेल्या वस्तऱ्याला ही वेळ काही महिन्यांनी येते. तिसरी: धार बोथट आहे, बारीक टवके गेले आहेत, किंवा वस्तरा कित्येक वर्षं पडून आहे. इथे १००० पासून सुरुवात. १००० वर दोन्ही उतार संपूर्ण लांबीभर भेटेपर्यंत पुढे जायचं नाही. मग ४०००, मग ८०००, मग चामडं. पुढच्या दगडाचं काम एकच, मागच्या दगडाचे ओरखडे पुसायचे. १००० वर राहिलेली उणीव ८००० भरून काढत नाही. आयुष्यातही पुष्कळदा असंच असतं, पण ते पुन्हा कधीतरी.

उतार भेटले की नाही, हे कळायचं कसं? मार्करपेनची शाई धारेलगतच्या उतारावर दोन्ही बाजूंनी लावा. वस्तरा दगडावर दोन-तीनदा अलगद फिरवा. शाई कुठे पुसली, कुठे राहिली, ते भिंगानं पाहा. शाई धारेच्या टोकापर्यंत पुसली गेली तर दगड तिथवर पोचतो आहे. मग धार सरळ वर करून दिव्याखाली धरा. बोथट धार उजेड परतवते, पांढरी बारीक रेघ चमकते. खऱ्या धारेवर उजेडाला टेकायला जागाच नसते, तिथे काही दिसत नाही. न दिसणं हा इथे पुरावा आहे! शेवटी हाताचा केस कातडीपासून थोडा वर कापून पाहा. आणि सर्वांत शेवटची कसोटी गाल. गालाला कोणी फसवू शकत नाही.

आता विकत घेताना काय पाहायचं, ते एका दमात सांगतो. पात्याची लांबी साधारण ७५ मिलिमीटर असते, म्हणून तितका रुंद आणि सुमारे २०० मिलिमीटर लांब दगड सोयीचा. दगड अरुंद असला तरी चालतो, फक्त वस्तरा तिरका ओढत न्यावा लागतो, म्हणजे पूर्ण पात्याला स्पर्श मिळतो. अवजारांच्या दुकानात काळा-करडा दुतोंडी दगड मिळतो तो विळ्या-कोयत्याचा, वस्तऱ्याला लावू नका. फिरत्या चाकावर तर नेऊच नका. चाकाच्या घर्षणानं पातं तापतं, निळसर झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं समजा, आणि उतरलेलं पाणी कोणताही दगड परत चढवत नाही. ज्याच्याकडे एकच वस्तरा आहे त्यानं तीन-तीन दगड घेऊच नयेत. जाणत्या माणसाकडून एकदा धार बसवून घ्यावी, आणि स्वतःजवळ एक बारीक दगड आणि चामडं ठेवावं.

नवा दगडही सपाट असेलच असं नाही. जात्याला टाकी लावायला बाया येत, आठवतं? जातं गुळगुळीत झालं की त्याला टाके मारून खडबडीत करायचं. इथे उलटं. दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून चिकटवायचा, आणि त्यावर दगड घासायचा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या की दगड सपाट. मधे रेघा राहिल्या तर तिथे खड्डा आहे.

पाणी की तेल? जपानी पद्धतीच्या दगडांना पाणी. आर्कान्सासारख्या दगडांना तेल चालतं. पण एकदा तेल पाजलेल्या दगडाला पुन्हा पाण्यावर आणणं अवघड, म्हणून आधी ठरवा. तेलच घ्यायचं तर शिलाई मशीनचं घ्या. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं, ते नको. जवसाचं तेल हवेवर वाळून त्याचा चिवट थर होतो, दगडाची तोंडं बुजतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, चिखलदऱ्याच्या हिवाळ्यात तर त्याचा गोळाच होईल. आणि फिरवायची दिशा लक्षात ठेवा. दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. चामड्यावर धार पुढे नेली की चामडंही गेलं आणि धारही. दाब जवळजवळ द्यायचाच नाही. वस्तऱ्याचं वजन पुरतं.

आता पुन्हा त्या चिठ्ठीकडे. मधोमध खोल गेलेला दगड.

दगड एका दिवसात खोल जात नाही. आजोबांनी अनेक वर्षं त्यावर वस्तरा फिरवला. दगड मधे झिजत गेला, काठ उंच राहिले. खोलगट दगडावर आडव्या ठेवलेल्या पात्याची दोन टोकं जास्त घासली जातात, मध्य कमी. म्हणून वर्षानुवर्षं वस्तऱ्याची दोन टोकं झिजली आणि त्याच्या धारेला किंचित पोट आलं. दगडाला खड्डा, वस्तऱ्याला पोट. दोघं एकमेकांना बसतील असे झिजले. जुन्या जोडप्यासारखे म्हणा. आता या वस्तऱ्याला नव्या कोऱ्या सपाट दगडावर ठेवलंत तर फक्त मधला भाग टेकेल, टोकं हवेत राहतील. तुम्ही म्हणाल, वस्तरा वाईट आहे. आणि नवा सरळ वस्तरा आजोबांच्या दगडावर ठेवलात तर म्हणाल, दगड वाईट आहे. दोन्ही चूक. दोघं एकमेकांपासून तुटलेत, इतकंच.

म्हणून बाबा, तुला आमचा सल्ला असा. पहिल्यांदा वस्तरा पाहा. पात्याला तडा गेला असेल, किंवा धारेलगत गंजाचे खोल खड्डे असतील, तर तो गालाला लावू नकोस. तो आठवण म्हणून राहू दे. नसेल, तर धारेचं पोट खरवडून सरळ करायच्या भानगडीत पडू नकोस. पोट असलेला वस्तराही सपाट दगडावर पाजळता येतो, फक्त फिरवताना हात हळूच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लवता ठेवायचा. शाई लावून पाहत गेलास की हाताला आपोआप कळेल. सुरुवातीचं काम कृत्रिम १००० आणि ४००० वर कर.

आणि आजोबांचा दगड? तो उलटा कर. वरच्या तोंडाला हात लावू नकोस. खालची बाजू बहुधा वापरलेली नसते. ती भेगा-शिरा नसलेली असेल तर तेवढीच काचेवर घासून सपाट कर. मग आधी एखाद्या टाकाऊ पात्यावर तो दगड कसा कापतो ते बघ. बारीक निघाला तर तुझ्या वस्तऱ्याचा शेवटचा हात त्याच्यावर फिरव. भरड निघाला तर तो फळीवर ठेव आणि शेवटचा दगड विकत आण. तू काम खालच्या बाजूवर करशील, आजोबांची खूण वरच्या बाजूवर राहील. खोलगट तोंड घासून टाकायची गरज नाही.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय तुला वस्तरा हातात घेऊ देणार नाही. एक, तो वस्तरा तुझा एकट्याचा. मित्राला, भावाला, कुणालाही द्यायचा नाही. कावीळ 'बी', कावीळ 'सी', एचआयव्ही यांचा संसर्ग रक्तातून होतो, आणि न दिसणारी जखमही पुरते. दगड किंवा चामडं जंतू मारत नाहीत. म्हणूनच आज दुकानांत प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावतात, आणि ते योग्यच आहे. जुन्या कारागिरीचं प्रेम आपल्याला असावं, पण दुसऱ्याच्या जिवावर नको.

दुसरी गोष्ट गंजाची. चिखलदऱ्याला पावसाळ्यात धुकं घरात शिरतं, धुतलेले कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. जुन्या वस्तऱ्याचं पोलाद साधं, कार्बनचं. ते डाग धरायला एक रात्र पुरे. पाण्याच्या दगडावरून उचललेला वस्तरा कोरडा पुसायचा, बिजागरीत कापडाचं टोक घालून पाणी टिपायचं, तेलाचा बोट फिरवायचा, आणि न्हाणीघरात ठेवायचा नाही. दमटपणानंही धार जाते.

तरी दाढीनंही जातेच. केस मऊ, पोलाद कठीण, मग धार जाते कशी? २०२० साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं आणि 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरीही केस वाकून पात्याला तिरका लागला आणि नेमकी तिथेच पोलादाची अंतर्गत रचना विषम असली, तर धारेचा सूक्ष्म टवका उडतो. धार हळूहळू घासून गोल होत जाते एवढंच नाही, ती अशीही तुटते. म्हणजे मऊ वस्तू कठीण वस्तूला हरवते, फक्त तिला कोन आणि कच्ची जागा सापडावी लागते.

आम्ही तत्त्वज्ञानाचे, तेव्हा शेवटी उपनिषदात गेल्याशिवाय आमचं समाधान होत नाही. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की ही वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी आहे, ओलांडायला अवघड. आम्ही वर्गात हे कित्येक वर्षं शिकवलं, आणि दर वेळी 'अवघड' या शब्दावरच बोललो. तिथे धारेला 'पाजळलेली' असंही विशेषण आहे, याकडे आमचं लक्ष परतवाड्याच्या त्या दुकानातून परत आल्यावर गेलं. धार निसर्गात तयार सापडत नाही. कुणीतरी बसून ती लावलेली असते, आणि जी लावली ती पुन्हा जाते, पुन्हा लावावी लागते.

गावोगावच्या ज्या माणसांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या गालांवर, मानेवर ही धार चालवली, त्यांच्या हातात केवढं ज्ञान होतं! सुगीच्या धान्यापलीकडे आपण त्याचा हिशेब कधी केला नाही. त्यांच्याकडे मायक्रॉन हा शब्द नव्हता, पण अंगठ्याच्या पेराला मायक्रॉन कळत होता. त्यातलं थोडं आज एक नातू धोकटीतून काढून विचारतो आहे, म्हणून आम्ही एक संपूर्ण संध्याकाळ दगडावर बोललो.

तर बाबा, दगड उलटा करून पाहा, शाई लावून पाहा, आणि पहिली दाढी घाईच्या दिवशी करू नकोस. पुढच्या वेळी येताना वस्तरा घेऊन ये. आपण दोघं उजेडात धरून बघू.

प्रश्न असतील तर आता घेऊ.